पाऊस उघडला की ताप का वाढतो? (नाशिककरांनो, जरा इकडे या)

पाथर्डीचा पांथस्थ | रविवार, रात्री ९.१२

आमच्या इमारतीत २८ फ्लॅट. तीन आठवड्यांत सहा जणांना डेंग्यू झाला, त्यात माझा धाकटा. आता बरा आहे. कालपासून वरणभात खातोय आणि मोबाइल मागतोय, म्हणजे बराच म्हणायचा.

कोडं असं, की जुलैत पाऊस धो धो कोसळत होता तेव्हा सगळे ठणठणीत. गणपती गेले, उघडीप पडली, चार दिवस ऊन तापलं आणि ताप सुरू. गेल्या वर्षीही हेच. आज सोसायटीची मीटिंग झाली. अर्धे म्हणाले मागचा नाला, काही म्हणाले शेजारचं बांधकाम, एक काका म्हणाले ग्लोबल वॉर्मिंग. मग चहा आला आणि मीटिंग संपली.

घरी येऊन गॅलरीतल्या कुंड्या हलवल्या. तुळशीखालच्या बशीत दोन बोटं पाणी आणि त्यात वळवळ. मी ते पाणी जॅमच्या रिकाम्या बाटलीत ओतून तोंडाला आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा बांधून ठेवलंय. पण सहा घरांचा ताप एका बशीतून येईल का? खरा दोषी कोण?

गोदाकाठची | रविवार, रात्री ९.३०

नदी बघा आधी. गोदावरीवर पानवेलीची गादी पसरलेली असते, नासर्डीची काय दशा आहे ते द्वारका चौकाच्या अलीकडे उभं राहून नाकाने समजतं. संध्याकाळी गोदापार्कला फिरायला गेलं की डोक्यावर डासांचा खांब घोंघावत सोबत चालतो. आणि तुम्ही तुळशीची बशी काय घेऊन बसलात!

मिसळ_विथ_तर्री | रविवार, रात्री ९.३४

डासांचा खांब +१. मी टोपी काढली की तो नमस्कार करून पुढच्याच्या डोक्यावर जातो.

लॅबवाली | रविवार, रात्री १०.०५

गोदाकाठची ताई, नदी स्वच्छ व्हायलाच हवी. पण डेंग्यूचा गुन्हा तिच्यावर नका टाकू. डास सगळे एक नसतात.

पानवेलीत, गटारात, सांडपाण्यात वाढतो तो मुख्यतः क्यूलेक्स. तपकिरी, रात्री कानाशी गुणगुणणारा. पानवेलीच्या मुळांना चिकटून तिथूनच श्वास घेणारी मान्सोनिया नावाची जातही आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती वेगळा: काळा, पायावर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, बहुधा घोट्याला नाहीतर कोपराच्या मागे, आणि आवाजही फारसा करत नाही. त्याला साचलेलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. पिंप, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, टायर आणि हो, तुळशीची बशी. शहरी मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सायही असाच, गच्चीवरच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामावरचं पाणी आवडणारा.

एडिस फार लांब उडत नाही. बहुतेक डास जन्मले तिथून शे-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढतात. त्यामुळे सहा घरांत ताप आला असेल तर डास तुमच्याच आवारातला असण्याची शक्यता जास्त.

तिवंध्याचा_वाडा | रविवार, रात्री १०.४०

आमच्या जुन्या वाड्यात आड होता. आजोबा त्यात गप्पी मासे सोडायचे आणि आम्हाला सांगायचे, ही आपली फौज. आम्ही तासन् तास वाकून फौज मोजायचो. आडाला गप्पी चालतात, बशीला कुठले सोडणार म्हणा.

पाथर्डीचा पांथस्थ | सोमवार, सकाळी ७.५०

लॅबवाली, धन्यवाद. पण उघडीप का? पाणी तर पावसात जास्त असतं.

लॅबवाली | सोमवार, सकाळी ८.२०

मुसळधार पावसात बशी, टायर, डबे भरून वाहतात आणि अळ्या वाहून जातात. पाऊस थांबला की उरलेलं पाणी स्थिर होतं, ऊन लागून कोमट होतं. अंड्यातून डास बाहेर पडायला अशा हवेत साधारण ७ ते १० दिवस पुरतात. मग त्या मादीने डेंग्यूच्या रुग्णाला चावलं पाहिजे. विषाणू तिच्या अंगात वाढून लाळेपर्यंत यायला आणखी ८ ते १२ दिवस. हवा गरम असेल तर हा काळ आखडतो. नंतर ती दुसऱ्याला चावली की ताप यायला ४ ते १० दिवस. बेरीज करा. आज उघडीप पडली तर दवाखान्यात रांग तीन-चार आठवड्यांनी. तुमचा अनुभव बरोबरच आहे, फक्त आजच्या तापाचं पाणी महिन्यापूर्वी साचलेलं असतं.

इगतपुरी_एक्स्प्रेस | सोमवार, सकाळी ९.०२

म्हणून आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडून आम्ही मजेत! आमच्या डासांना रेनकोट लागतो.

लॅबवाली | सोमवार, सकाळी ९.१०

मजेत वगैरे नाही हो, तुमच्याकडेही पिंपं आहेतच :) पण मुद्दा खरा आहे. एकूण पाऊस किती, यापेक्षा तो कसा पडला ते महत्त्वाचं. नाशिक शहरात रिपरिप, दोन दिवस ऊन, परत एक सर, असं चालतं. एडिसला हेच मानवतं. शिवाय तो अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पुढच्या सरीचं पाणी तिथवर चढलं की उघडतात. म्हणून पिंप नुसतं ओतून चालत नाही, आतून घासणीने घासावं लागतं.

द्राक्षवाला_निफाड | सोमवार, दुपारी १.३५

हे वाचून हसू आलं, कारण आमची डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) अगदी अशीच येते. पाऊस पडत असतो तेव्हा नाही, दोन पावसांच्या मधे ऊन आणि दमट हवा मिळाली की. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असते, तेव्हा पानावर ओल किती तास राहिली हे आम्ही घड्याळ लावून बघतो. पुष्कळांच्या बागेत आता हवामानाचं छोटं यंत्र आहे. डाग दिसल्यावर फवारायला निघालेला शेतकरी उशीरच झालेला असतो.

शहरात उलटं चालतं. पहिले ताप येतो, मग डास मारायचा धूर.

दुसरं, एकच औषध सारखं मारलं की रोग दाद देईनासा होतो, म्हणून आम्ही गट बदलून मारतो. डासांचंही तसंच असणार.

लॅबवाली | सोमवार, दुपारी २.१०

तसंच आहे. कीटकनाशकांना दाद न देणारे एडिस भारतातही सापडले आहेत. आणि धुराने मरतो तो त्या क्षणी उडत असलेला डास. एडिस बसलेला असतो घरात, पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या शर्टांत. आपण मात्र धूर आला की खिडक्या लावून घेतो. बशीतल्या अळीला तर धुराचा पत्ताच नसतो. रुग्ण सापडलेल्या घराच्या आसपास धुराचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण त्याने प्रश्न मिटत नाही.

सिडको_रिटर्न्स | सोमवार, दुपारी ३.००

पण धूर दिसतो ना! बशी उपडी केल्याचा फोटो कोण टाकणार? धुराच्या गाडीबरोबर उभं राहून सगळे फोटो काढतात.

गोदाकाठची | सोमवार, रात्री ८.४५

बरं, डेंग्यूचा डास नदीत होत नाही, मान्य. पण नाल्याचं काय? पांथस्थ, एक करा. तुमच्या नाल्याचंही पाणी बाटलीत भरा. दोन बाटल्या शेजारी ठेवा. कुठून कोण निघतं ते बघू. मी हरले तर मिसळ माझ्याकडून.

मिसळ_विथ_तर्री | सोमवार, रात्री ८.४६

मी पंच.

पाथर्डीचा पांथस्थ | सोमवार, रात्री ९.३०

आव्हान स्वीकारलं. उद्या सकाळी बादली आणि दोरी घेऊन जातो. बायको बघतेय माझ्याकडे.

मालेगावकर_भाऊ | सोमवार, रात्री १०.१५

धागा बघून २००६ आठवलं. आमच्या मालेगावात चिकुनगुन्याची साथ आली होती. तोवर ते नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. लोक 'चिकन गुनिया' म्हणायचे, आणि कोंबडीपासून होतो समजून चिकन खायचं बंद. आमच्या गल्लीतला चिकनवाला आठवडाभर माश्या मारत बसला होता, डास मारले असते तर बरं.

गंमत वेगळी, पण यंत्रमागावर उभा राहणारा माणूस दोन महिने नीट उभा राहू शकत नव्हता. माझे मामा जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी बसून उतरायचे. नंतर वाचलं की आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेत त्या शब्दाचा अर्थ वेदनेने वाकणं असाच आहे.

सांगायचं हे, की त्या वेळी आमच्याकडे पावसाळा नव्हताच. पाणी रोज यायचं नाही, म्हणून घराघरांत हौद, पिंपं, हंडे, अगदी बेसिनसुद्धा भरलेलं. त्यामुळे सगळा दोष पावसावर टाकणारे जरा थांबा. टंचाईतही डासाची सोय आपणच करतो.

इंदिरानगर_इंद्रायणी | सोमवार, रात्री १०.५०

हे फार खरं. उन्हाळ्यात 'उद्या पाणी नाही' असा मेसेज आला की सासूबाई ताट-वाट्या सोडून सगळं भरतात. पाणी दुसऱ्या दिवशी येतं, पण भरलेलं ओतायचं कसं, पाप लागतं! मग ते पिंप आठवडाभर 'असू दे'. मी मलमलचं फडकं बांधायला सुरुवात केली तर म्हणाल्या, लोणचं घातलंय का?

मखमली_मखमलाबाद | मंगळवार, सकाळी ६.४०

मला कोणी सांगेल का, प्लेटलेट ९०,००० वर आल्यात भावाच्या, पपईच्या पानांचा रस द्यावा का? किवी २०० रुपयांना दोन सांगतोय.

लॅबवाली | मंगळवार, सकाळी ७.०५

आधी डॉक्टरांना विचारा, धाग्याला नाही. ९०,००० आकडा डेंग्यूत अजिबात विरळा नाही. रक्तस्राव नसेल तर साधारणपणे १०,०००च्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवत नाहीत. त्या आकड्यापेक्षा पाणी, ओआरएस, लघवी होतेय ना, हे बघा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला म्हणून सैल सोडू नका. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम गळून जाणं, हे बहुधा ताप उतरतानाच सुरू होतं. यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना. किवी खायला चांगलं फळ आहे, इतकंच.

मखमली_मखमलाबाद | मंगळवार, सकाळी ७.२०

आभार. किवी मीच खाते.

निवांत_नाशिकरोड | मंगळवार, सकाळी ११.३०

आमच्या लेकीचा डेंग्यूच्या त्या झटपट चाचणीच्या पट्टीवर एनएस-१ (विषाणूचं प्रथिन) पॉझिटिव्ह आला, पण सरकारी यादीत तिचं नाव नाही. लपवाछपवी?

लॅबवाली | मंगळवार, दुपारी १.००

लपवाछपवीच असेल असं नाही. पट्टीवरची चाचणी संशयित धरतात. प्रयोगशाळेतली एलायझा चाचणी केली तरच पक्का रुग्ण म्हणून मोजतात. एनएस-१ पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतो, पुढे आयजीएम, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, बघावी लागतात. बहुतेक लोक एलायझापर्यंत जातच नाहीत. म्हणून छापून येणारा आकडा आणि गल्लीतला ताप यांत अंतर पडतं. ते अंतर नेमकं किती, ते मी छातीठोक सांगणार नाही.

साइटवरचा_माणूस | मंगळवार, रात्री ८.२०

बांधकामावर सगळे बोट दाखवतात म्हणून लिहितो. मी सुपरवायझर आहे, साइटचं नाव विचारू नका.

स्लॅब टाकला की आम्ही त्यावर सिमेंटच्या मसाल्याची आळी (छोटे बांध) बांधून पाणी कोंडतो, क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं राहून पक्कं व्हावं म्हणून, सात ते दहा दिवस. वर कोणीतरी लिहिलंय की अंड्यातून डास व्हायलाही सात ते दहाच दिवस. हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो. त्यात लिफ्टचा खड्डा, मजुरांच्या खोपटाबाहेरची पिंपं आणि ताडपत्रीच्या घड्या. आता कुंभाची कामं, रस्ते, पूल, शिवाय खासगी टॉवर, शहरभर खोदलेलंच आहे.

काल पहिल्यांदा आळ्यांतलं पाणी मधेच काढून परत भरायला लावलं. ठेकेदार म्हणाला, साहेब तब्येत बरी आहे ना? मजूर मात्र लगेच तयार झाले. ताप आला की रोजंदारी त्यांचीच बुडते.

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ८.४०

प्रामाणिक लिहिलंत. गोणपाट भिजवून क्युरिंग करतात ना? त्यात पाणी साचत नाही.

साइटवरचा_माणूस | मंगळवार, रात्री ८.५५

कॉलमला करतोच. स्लॅबला पण चालतं, फक्त दिवसातून चार वेळा माणूस पाहिजे. आळी एकदा भरली की माणूस मोकळा, म्हणून.

सातपूरचा_सात्विक | बुधवार, सकाळी १०.१०

रंगपंचमीच्या रहाडींत (रंगात उड्या मारायच्या जुन्या हौदांत) डास होत नाहीत का? एवढं पाणी!

तिवंध्याचा_वाडा | बुधवार, सकाळी १०.२५

अहो, रहाड वर्षात एकदा उघडते. तिची पूजा होते, रंगाचं पाणी भरतं, उड्या पडतात, आणि मग वर फळ्या आणि माती टाकून बंद. वर्षभर लोक त्यावरून गाड्या नेतात आणि नवख्याला पत्ताही नसतो की खाली पेशव्यांच्या काळातली रहाड आहे. शहरातलं सगळं पाणी इतक्या शिस्तीत झाकलेलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

आणि रहाडीत उडी मारलेला माणूस आठवडाभर इतका रंगलेला असतो की डास त्याला ओळखत नाही.

मिसळ_विथ_तर्री | बुधवार, सकाळी १०.३१

बाटल्यांचं काय झालं? पंचांना भूक लागली आहे.

पाथर्डीचा पांथस्थ | बुधवार, रात्री १०.००

बातमी आहे. बशीच्या बाटलीतल्या काही अळ्यांचे कोष झालेत. स्वल्पविरामासारखे दिसतात, बाटलीला टिचकी मारली की गोते खात खाली जातात. धाकटा तापातून उठल्यापासून शाळेच्या वहीत नोंदी करतोय.

नाल्याची बाटली काळपट आहे आणि वास येतो, म्हणून ती जिन्यात. अळ्या त्यातही भरपूर.

आणि एक तिसरी बाटली. नाल्यातून पाणी काढताना काठावर कोणीतरी फेकलेला मासळीचा थर्माकोलचा खोका आणि एक फुटकं हेल्मेट दिसलं. दोन्हीत पावसाचं नितळ पाणी आणि त्यात अळ्या. तीही आणली.

द्राक्षवाला_निफाड | बुधवार, रात्री १०.२०

हेल्मेट शेवटी कोणाच्या तरी कामी आलं.

हवामान_हौशी | गुरुवार, दुपारी १२.४५

ग्लोबल वॉर्मिंगवाल्या काकांची बाजू घेतो, कोणी घेत नाहीये म्हणून. नाशिकची थंडी हा आपला जुना पहारेकरी. निफाडला पारा घसरला की डास गारठतात, साथ आपोआप बसते. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री उबदार राहिल्या आणि अवकाळी पडत राहिला तर साथीचा हंगामच लांबतो. शिवाय लॅबवाली म्हणाल्या तसं गरम हवेत विषाणू लवकर तयार होतो. मादी जगते दोन-चार आठवडे. विषाणू १२ ऐवजी ८ दिवसांत तयार झाला तर तिला चावायला मिळणारे दिवस केवढे वाढले ते बघा. काका अगदीच चुकीचे नव्हते. फक्त चहाच्या आधी बोलायला हवं होतं.

सिडको_रिटर्न्स | गुरुवार, दुपारी १.१५

काका बरोबर, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हवामान बदलावर ठराव करून काय होणार? बशीवर ठराव करा.

हवामान_हौशी | गुरुवार, दुपारी १.२२

दोन्हीवर करा. बशीचा लगेच अमलात येईल.

निवांत_नाशिकरोड | गुरुवार, दुपारी ३.००

ठराव केला तरी बंद फ्लॅटांचं काय? आमच्याकडे चार मालक पुण्यात, गॅलऱ्यांत काय साचलंय देवाला ठाऊक. आणि तपासणीला बायका येतात त्यांना लोक दारातूनच 'आमच्याकडे काही नाही' सांगून परत पाठवतात. मीही पाठवलंय. लेकीला झाल्यावर अक्कल आली.

पाथर्डीचा पांथस्थ | शनिवार, सकाळी ८.१५

निकाल.

बशीच्या बाटलीतून काल दुपारपासून नऊ डास निघाले. काळे, पायावर पांढरे पट्टे. भिंगातून पाठीवर पांढरी वीणेसारखी खूणसुद्धा दिसली. लॅबवालींना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या एडिस.

नाल्याच्या बाटलीतून आज सकाळी पाच. साधे तपकिरी. क्यूलेक्स.

हेल्मेट आणि खोक्याच्या बाटलीतून तीन. पट्टेवाले.

म्हणजे नाला निर्दोष, पण नाल्याचा काठ नाही. मिसळीचं काय करायचं ते पंचांनी ठरवावं.

गोदाकाठची | शनिवार, सकाळी ८.३०

काठ माझा! मी गोदाकाठचीच आहे. अर्धी मिसळ मी देते, अर्धी तुम्ही द्या.

मिसळ_विथ_तर्री | शनिवार, सकाळी ८.३३

पंचांचा निर्णय: दोघांनी एकेक पूर्ण मिसळ पंचांना द्यावी. पाव जास्तीचे.

लॅबवाली | शनिवार, सकाळी ९.००

सुंदर काम. वही जपून ठेवा. आता कृपा करून त्या बाटल्या उघडू नका!

पाथर्डीचा पांथस्थ | शनिवार, रात्री ९.४०

तिन्ही बाटल्या दुपारी फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. आईने संध्याकाळी मटार काढताना एक बाहेर काढली आणि विचारलं, हे जिरं इथे कोणी ठेवलं?

बाकी, उद्या सकाळी आठ वाजता चावीवाल्या काकांना घेऊन बंद फ्लॅटांच्या गॅलऱ्या बघायच्या ठरल्या आहेत. चारपैकी तीन मालकांनी फोनवर हो म्हटलंय. चौथे म्हणाले, आमच्याकडे काही नाही.